कठड्यावरची रजई

गादीवाल्यांचे दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि आमची गॅलरी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. मध्ये काही आडवे येत नाही. त्यांच्या पायरीवरून आमचा कठडा दिसतो आणि कठड्यापाशी उभे राहिले की त्यांची पायरी. बेचाळीस वर्षे आम्ही असे समोरासमोर राहत आलो. त्यांचे नाव गल्लीत कोणी घेत नाही, म्हणून मीही घेत नाही. ते मला बाई म्हणतात, कारण त्यांची लेक लहानपणी माझ्याकडे शिकवणीला येत असे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. कापसाची लव तिथे सगळ्यावर बसलेली असते, पंख्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आणि गादीवाल्यांच्या भुवयांवर. तरुणपणीही त्यांच्या भुवया पांढऱ्या दिसत. आता त्या खरोखर पांढऱ्या आहेत, पण त्यामुळे काही फरक पडलेला नाही. समोर आलेल्या माणसाला ते आधी डोक्यापासून पायापर्यंत बघतात. नव्या गिऱ्हाइकाला अवघडल्यासारखे होते. ते म्हणतात, "माणूस उभा असला तरी मला तो आडवाच दिसतो." आमच्या ह्यांच्या शेवटच्या आजारात गादीवाल्यांनी न सांगता पातळ गादी करून आणली. पाठीला रग लागू नये म्हणून चार महिन्यांत तिचा कापूस तीनदा उसवून पुन्हा भरला. हे गेले, पण त्यांच्या पाठीला एक जखम झाली नाही. डॉक्टरांनी तसे मुद्दाम बोलून दाखवले होते.

वर्षभर ते गिरणीतून पिंजून आलेला कापूस वापरतात. पण आतल्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचे पिंजण टांगलेले आहे. माणसाएवढे लाकडी धनुष्य, त्याला आतड्याची ताणलेली तात, आणि ती छेडायला लाकडी मूठ. हे पिंजण खुंटीवरून खाली येते ते फक्त थंडी लागली की. मग ते खांद्यावर घेऊन गादीवाले गल्लीतून एक फेरी मारतात, दर चार पावलांना तात छेडतात, आणि घराघरांतून कापसाचे गोळे झालेल्या रजया बाहेर येतात. तो आवाज घुमणारा आणि एकाच सुराचा असतो. ऐकू आला की माझ्या वहीत मी लिहीत असे, "गादीवाले आले. थंडी सुरू."

वहीची सवय मला शाळेतल्या सिस्टरनी लावली. रोज संध्याकाळी तारीख घालायची, हवा कशी होती ते लिहायचे, आणि दिवसभरात जे दिसले त्यातले थोडे. मत लिहायचे नाही. "तुला काय वाटलं ते देवाला सांग, वहीला काय दिसलं ते सांग," असे त्या म्हणत. मी ते पाळले. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर मी दोन ओळी राखून ठेवते, थंडी सुरू आणि थंडी संपली. गल्लीत या वह्यांना बराच मान आहे. पाणी कोणत्या वर्षी चढले, समोरच्या इमारतीचा पाया कधी खणला, असे वाद आमच्याकडे येऊन मिटतात. त्याचा मला थोडा अभिमान होता, हेही आता लिहून टाकते.

गेल्या आठ नोव्हेंबरला गादीवाले पिंजणाशिवाय वर आले. चहा घेतला, खुर्चीच्या उशीत बोट खुपसून कापूस बसला आहे असे सांगितले, आणि मग मुद्द्यावर आले. त्यांची लेक इस्पितळात चादरी-उशांच्या कोठीत नोकरीला आहे. नोकरी पक्की. पण चादरी मोजून आणि फाटक्यांची नोंद करून तिचा जीव विटला होता. वडिलांचे हात थरथरू लागले आहेत, दुकान मी चालवते, असे तिचे म्हणणे. गादीवाल्यांना ते हवेही होते आणि भीतीही वाटत होती. गाद्या हल्ली लोक तयार आणतात, दुकानाचा जीव थंडीच्या दोन महिन्यांच्या कामावर. आणि थंडी राहिलेली नाही असे जो तो म्हणतो. कापूस येतो तोही दमट, कारण वेचणीच्या दिवसांत पाऊस पडतो, आणि दमट कापूस तातीला चिकटतो, उडत नाही.

"लोक काय, काहीही बोलतात," ते म्हणाले. "तुमच्या वहीत काय आहे ते सांगा. त्यावर पोरीला हो म्हणतो, नाहीतर नाही म्हणतो."

मी एकेक वही काढून शेवटचे पान वाचले. पंधरा नोव्हेंबर. बारा. सतरा. चौदा. अगदी अलीकडची वर्षेही तशीच, दहा आणि अठराच्या मध्ये कुठेतरी. मला स्वतःला नवल वाटले. मीही थंडी उशिरा येते असे म्हणणाऱ्यांपैकीच होते, आणि वही म्हणत होती की थंडी एक आठवडासुद्धा सरकलेली नाही. गादीवाल्यांचा चेहरा उजळला. जिना उतरताना ते तोंडाने तातीचा आवाज काढत गेले. दहा डिसेंबरला लेकीने राजीनामा दिला. तीन महिन्यांची मुदत होती, आणि तोवर तो मागे घेता येतो असे कचेरीतल्या कारकुनाने तिला सांगून ठेवले होते.

चौदा डिसेंबर उजाडला तरी पिंजणाचा आवाज नाही. शेवटच्या पानावरची पहिली ओळ कोरी. मला काळजी वाटली, त्यांची तब्येत बिघडली की काय. मी जिना उतरून दुकानात गेले. ते पायरीवर बसून उशीचा अभ्रा शिवत होते आणि पिंजण आत खुंटीवर होते. फेरी का नाही मारली, असे मी विचारले.

"म्हणजे काय? तुमच्या रजया कुठे दिसल्या अजून?"

"माझ्या रजयांचा काय संबंध?"

"बाई, तुमच्या कठड्यावर रजया दिसल्या की मी निघतो. पहिल्यापासून. वहीवाल्या बाईंच्या घरात थंडी लागली म्हणजे लागली."

मी त्यांच्या शेजारी पायरीवरच बसले. मग मी त्यांना सांगितले की मी थंडी लिहिते ती त्यांचा आवाज ऐकून. त्यांनी टाका अर्ध्यावर सोडला. सुई हातात तशीच. मग त्यांना हसू आले आणि मलाही आवरेना. बेचाळीस वर्षे मी त्यांच्याकडे बघून आणि ते माझ्याकडे बघून हवा सांगत होतो. हसू थांबल्यावर त्यांनी हळूच विचारले, "मग आधी कोण हलत होतं?"

ते मी घरी येऊन शोधले. उत्तर वहीतच होते, आतल्या पानांवर. दरवर्षी नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी, "ट्रंक झाडली. रजया उन्हात टाकल्या." आणि दोन-तीन दिवसांनी, "गादीवाले आले. थंडी सुरू." दुसरा रविवार हा ह्यांचा नेम होता. पहिल्या रविवारी ते दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालत, तिसऱ्या रविवारी नणंदेकडे जात, म्हणून ट्रंकेला दुसरा. रजया उन्हात टाकणे ही साफसफाई, तिचा थंडीशी काही संबंध असेल असे माझ्या मनात कधी आले नाही. हे गेल्यावर कामवालीने तोच नेम चालवला, कारण तो तिला ह्यांनीच घालून दिला होता. यंदा ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि ट्रंक बंद राहिली. म्हणजे माझ्या वहीतली बेचाळीस वर्षांची थंडी ही आमच्या ह्यांची झाडलोट होती.

आणि तिच्यावर विसंबून एका मुलीने राजीनामा दिला होता.

तिला सांगायचे काम मी अंगावर घेतले. ती कामावरून परस्पर आली, अंगाला इस्त्रीचा वास. लहानपणी बसायची तिथेच, खिडकीखालच्या स्टुलावर बसली. मी सगळे सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरे वाटले असते.

"मग बाई, थंडी होती की नव्हती?"

होती, हे नक्की. अमुक साली मी बोटे फुटली म्हणून मलम लावल्याचे लिहिले आहे. पण किती होती, कधी होती, कधी कमी झाली? मी दोन दिवस वह्यांत शोधत राहिले आणि मला खोबरेल तेल सापडले. न्हाणीघराच्या खिडकीत तेलाची बाटली असते, लग्न होऊन आले तेव्हापासून त्याच जागी. ज्या सकाळी तेल गोठलेले असते त्या दिवशी मी "तेल गोठले" असे लिहिते, कारण वेणी घालायला उशीर होतो. यात कोणाची फेरी नाही आणि कोणाचा रविवार नाही. मी ते दिवस मोजले. पहिल्या वर्षी एक्क्याऐंशी. पुढे सत्तरच्या आसपास. मग साठ, अठ्ठावन्न, तेवीस. गेल्या वर्षी सहा.

लेकीने आकडे ऐकले आणि एक वर्ष दाखवून विचारले, अठ्ठावन्नवरून एकदम तेवीस कसे? मला ठाऊक होते. त्या वर्षी ह्यांचे ऑपरेशन झाले आणि न्हाणीघरात गीझर बसवला. पुढच्याच वर्षी समोरची इमारत उभी राहिली आणि खिडकीतून येणारा वारा बंद झाला. मधल्या काळात तेलही बदलले होते, तेही मी लिहून ठेवले होते. आता यातली थंडी किती कमी झाली, गीझर किती आणि इमारत किती, हे कसे वेगळे काढायचे? काहीतरी गेले आहे हे मला अंगाला कळते. पण किती गेले ते विचारले की माझी सगळी पाने एकमेकांकडे बोट दाखवतात.

"थंडी कमी झालीय," मी म्हणाले. "पण किती, ते मी तुला प्रामाणिकपणे सांगू शकत नाही."

मग तिनेच तोड काढली. तीन नव्या बाटल्या, एकाच दुकानातल्या. एक माझ्या गॅलरीत, एक वडिलांच्या दुकानाच्या मागच्या खिडकीत, एक इस्पितळात कोठीच्या खिडकीत. रोज सकाळी बघायचे, लिहायचे, आणि फेब्रुवारी संपेपर्यंत एकमेकांना काही बोलायचे नाही. मला सिस्टरची आठवण झाली. गादीवाल्यांना न बोलणे फार जड गेले. जाता-येता ते मला बघून ओठांवर बोट ठेवत. भाजीवालीला काय वाटले असेल कोण जाणे.

ते दोन महिने काही धड समजले नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर सावरीचे झाड आहे, त्याची बोंडे फुटली की उशांसाठी गादीवाले तो मऊ कापूस गोळा करतात. लाल फुले येतात ती फेब्रुवारीत, पाने सगळी गळल्यावर. यंदा ती डिसेंबरात आली, पाने असतानाच, आणि पानांआड दिसली नाहीत म्हणून की काय, पक्षीही फारसे आले नाहीत. जी थोडी बोंडे धरली त्यांवर जानेवारीच्या अखेरीस तीन दिवस पाऊस पडला. कच्ची बोंडे फुटून कापूस रस्त्याला चिकटला. गादीवाले खाली उकिडवे बसून तो नखाने सोडवत होते. हातात एक चिकट गोळा घेऊन माझ्या कठड्याकडे बघून त्यांनी खांदे उडवले. साळुंक्यांच्या एका जोडीने मात्र तो कापूस नेऊन आमच्या पन्हाळीत घरटे केले, नेहमीपेक्षा दोन महिने आधी. अंडी झाली की नाही ते मला दिसले नाही.

एक मार्चला तिघे माझ्या टेबलाशी बसलो. माझे सात दिवस. गादीवाल्यांचे बारा. लेकीचा एकही नाही.

"सरासरी काढा," गादीवाले म्हणाले. "साधारण सहा."

लेक म्हणाली की कोठीच्या खिडकीखाली वातानुकूलन यंत्रांची मागची बाजू आहे, ती दिवसरात्र गरम वारा फेकतात, म्हणून तिची बाटली मोजूच नये. गादीवाले म्हणाले, मग माझीही मोजू नका, मागच्या खिडकीत गटाराची ओल आहे. माझ्या गॅलरीला सकाळी सकाळी समोरच्या इमारतीच्या काचेवरून परतलेले ऊन लागते, हे माझ्या तेव्हाच लक्षात आले. तीन बाटल्या आणि एकीवरही विश्वास नाही. गादीवाल्यांनी लेकीला स्पष्ट सांगितले की राजीनामा मागे घे. मग दोन मिनिटांनी म्हणाले, तुला जे वाटेल ते कर. मग म्हणाले, बाई सांगतील. मी चहा टाकायला उठले. दहा तारखेला मुदत संपत होती.

आठ मार्चला संध्याकाळी गारा पडल्या. नऊ तारखेला सकाळी मी उठले तेव्हा पाय फरशीवर ठेववेना. आत-बाहेरच्या दोन्ही बाटल्यांतले तेल मेणबत्तीसारखे झाले होते. मी कोणाचा विचार केला नाही, ह्यांचाही नाही. मला थंडी वाजत होती. ट्रंक उघडली, माझी जुनी रजई काढली. तिला कोंदट वास येत होता, म्हणून कोवळे ऊन दाखवायला कठड्यावर टाकली. एवढ्यात खालून तो घुमणारा आवाज आला.

गादीवाले मान खाली घालून, कानाकपाळावरून मफलर गुंडाळून चालत येत होते. आमच्या गॅलरीखाली आल्यावर त्यांनी वर पाहिले आणि ते थांबले.

"रजई माझा आवाज ऐकून काढलीत?"

"नाही. तुम्ही रजई बघून निघालात?"

"मफलरमधून मला पायापुढचं दिसत नव्हतं, बाई. कुडकुडलो म्हणून निघालो."

आम्ही तसेच एकमेकांकडे बघत राहिलो, ते खाली आणि मी वर. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघांनी आपापली थंडी बघितली होती, आणि महिना मार्च होता.

लेक मागून आली. तिची दुपारपाळी होती, पण इस्पितळात जाऊन आली होती. कोठीतली बाटलीही गोठली होती म्हणे. गारठ्यामुळे रात्री यंत्रे बंद ठेवली होती. गादीवाल्यांना एवढे पुरे होते.

"बघ. तिन्ही बाटल्या. आली की नाही थंडी?"

"आली ना, बाबा. पण तिला यायचं असेल तेव्हा आली. पुढच्या वर्षी कधी येईल, ऑगस्टात? मी दुकानात बसून कुणाची वाट बघू?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "सकाळी गेले ते त्याच्यासाठीच. अर्ज मागे घेतला."

गादीवाले "बरं झालं" म्हणाले. तेच तर ते सांगत होते. मग त्यांनी काही कारण नसताना तात एकदा छेडली आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत तिच्याकडेच बघत राहिले.

माझी रजई त्यांनी त्याच दिवशी गच्चीवर पिंजायला घेतली. नको म्हटले तरी ऐकले नाहीत. हात थरथरत होते, मूठ दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लेकीने न बोलता ती त्यांच्या हातातून घेतली. कापूस आधी गोळ्यागोळ्यांनी हलत होता, मग सुटला आणि उडू लागला, तिच्या गणवेशावर, केसांवर, भुवयांवर. खोळीत भरून तिने टाके घातले, मधून कडेला गोल फिरत जाणारे, सगळे एका मापाचे. मी शिकवणीत तिला किती वेळा ओळ सरळ लिही म्हणून रागावले होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते आणि मला कळत नव्हते की मी या मुलीला एका चुकीतून वाचवले की दुसरीत ढकलले. खोटी थंडी वाचून दाखवली नसती तर तिने राजीनामा दिला नसता. खरी मोजली नसती तर तो मागे घेतला नसता. गादीवाले उन्हात टेकून तिचे टाके बघत होते. बारा वाजता ती केस झटकत कामाला गेली.

"ट्रंकेत तळाशी घालू नका," रजई माझ्या हातात देताना गादीवाले म्हणाले. "आता केव्हा लागेल सांगता येत नाही."

एक वाजता मी पंखा लावला. तेल पातळ झाले होते. संध्याकाळी शेवटचे पान उघडले. मग लिहिले, थंडी सुरू, नऊ मार्च. त्याखाली, थंडी संपली, नऊ मार्च. त्यापुढे काही लिहायचे नाही, तसा नियमच आहे.

रजई अजून खुर्चीवर आहे. उकाड्यात तिच्याकडे बघवत नाही, पण ट्रंक उघडायला हात जात नाही. खाली गादीवाले पायरीवर बसलेले दिसतात, आणि ते कठड्याकडे बघतात.